शेवटचा प्रश्न विचारायचा नाही

मंगल,

परवा मी तुझ्या जागी वकीलपत्र दाखल केलं. हिराबाईच्या केसमध्ये. बेंच क्लार्कने कागद हातात घेतला, मागून पुढून पाहिला आणि मान वर न करता विचारलं, "आधीच्या वकिलांची ना-हरकत कुठंय?"

त्याचं काही चुकलं नाही. आपल्या व्यवसायाची ही जुनी रीत. पक्षकाराने वकील बदलला तर आधीच्या वकिलाने वकीलपत्राच्या कडेला 'हरकत नाही' असं लिहून सही करायची, मगच नव्याने उभं राहायचं. तू ही सही चालता चालता करायचीस. कधी भिंतीवर कागद टेकवून, कधी त्या पक्षकाराच्याच पाठीवर. "जा बाबा, सुखी राहा. नव्या वकिलाला खोटं सांगू नको, तेवढं कर." माझ्याकडे कोणी ना-हरकत मागायला आलं की मला मात्र आठवडाभर लागून राहायचं, आपलं काय चुकलं असेल? तू हसायचीस. "अगं, पक्षकार हाय तो, जावई नाय."

क्लार्क नवा आहे, बदली होऊन आलेला. त्याने तुला पाहिलेलंच नाही. मी पुढे वाकून सांगितलं, "त्या वारल्या." तेवढ्यात डायसवरून न्यायाधीश मॅडम म्हणाल्या, "काय म्हणालात? जरा मोठ्याने सांगा."

इतकी वर्षं तूही हेच सांगत आलीस. जरा मोठ्याने बोल, समोर न्यायाधीश बसलाय, ग्रंथपाल नाय. आणि भरल्या कोर्टात मी पहिल्यांदा मोठ्याने बोलले ते हे: "मॅडम, या केसमधल्या आधीच्या वकील वारल्या." मागच्या बाकावर कोणीतरी कुजबुजत होतं, ते थांबलं. मॅडमनी पेन खाली ठेवलं. "हो," त्या म्हणाल्या, "मला माहीत आहे."

शोकसभा वकिलांच्या बार रूममध्येच झाली. सगळे छान बोलले. कुणी धडाडी म्हणालं, कुणी गरिबांचा आधार. तू असतीस तर मला कोपर मारून विचारलं असतंस, "ही कोण बाई गेली गं?" शेवटी अध्यक्षांनी माझं नाव घेतलं. मी दोन पानं लिहून नेली होती. उभी राहिले, कागद उलगडला, आणि पहिल्याच ओळीत मी तुला 'त्या' म्हटलेलं दिसलं. ते मला वाचता येईना. कागदाची घडी केली आणि बसले. म्हणून आता हे सावकाश, तुलाच सांगतेय. लिहिताना मला वेळ मिळतो, तुला माहीत आहे.

आपण दोघी एकाच टेबलाला बसलो याचं कारण साधं होतं. बाकी टेबलांवर आपल्याला जागा नव्हती. खिडकीजवळचं एक टेबल डुगडुगायचं म्हणून कुणाला नको होतं. त्याच्या एका पायाखाली तू पुठ्ठ्याची घडी सारलीस आणि ते आपलं झालं. बाहेर सीबीएसच्या बसस्टँडवर एसटी गाड्यांचा आवाज, आत टाइपरायटरचा. पहिल्याच आठवड्यात एका ज्येष्ठ वकिलांनी येऊन मायेने सल्ला दिला होता, "पोटगी, घटस्फोट असं काहीतरी बघा. बायकांपाशी बायका मन मोकळं करतात." मी मान डोलावली आणि संध्याकाळी घरी जाऊन मालमत्तेच्या कायद्याचं पुस्तक उघडलं. तू तिथल्या तिथे म्हणालीस, "सर, मी फौजदारी करणार."

"फौजदारीला आवाज लागतो, बाई."

"हाय ना. चांदवडला आमच्या मळ्यातून हायवेवरची एसटी थांबवते मी."

त्या वेळी मला तुझी लाज वाटली होती. आणि त्याच दुपारी मी तुला माझ्या डब्यातली निम्मी पोळी दिली.

माझे आप्पा तुझ्यावर फार खूश असायचे. आयुष्यभर शाळेत शिकवलेल्या माणसाला प्रश्न विचारणारे आवडतात, आणि तू तर उत्तरंही द्यायचीस. एका रविवारी आमच्या घरी पोह्यांच्या बशीवर त्यांनी तुला विचारलं होतं, "वकील म्हणजे वकील. त्यात या पोटजाती कशाला?"

तू पाय वर घेऊन बसलीस. "आप्पा, तुमची मुलगी दिवाणी. जमीन, वाटण्या, करारमदार. म्हणजे निफाडचा द्राक्षबागायतदार समजा. आज काडी लावायची, मांडव घालायचा, दर तारखेला छाटणी. घड लागेस्तोवर धीर पाहिजे. कधीकधी लावणाऱ्याच्या नातवाला द्राक्ष मिळतं."

"आणि तू?"

"मी मेथीची जुडी. सकाळी अटक, दुपारी जामीन. आजचा माल आज खपला पाहिजे, उद्या सुकला."

आप्पांना खेळ सापडला. ते एकेक विचारत गेले. तहसील कचेरीत दिसतात ते? "महसूलवाले. ते पाटकरी, आप्पा. पाणी कुठल्या चारीने कुठं जातं, ते त्यांना ठाऊक. तलाठी कधी सापडतो, प्रांतांच्या टेबलावर कोणती फाईल वर हाय. त्यांनी पाणी सोडलं नाय तर तुमच्या मुलीचा मांडव वाळतो." सरकारी वकील? "एसटीचा ड्रायव्हर. पॅसेंजर निवडता येत नाय, गाडी मिळेल ती, ब्रेक लागो न लागो." अपघाताच्या भरपाईचे दावे लढवणारे? "त्यांना निम्मी डॉक्टरकी येते. मांडीचं हाड कुठं मोडलं की माणूस कसा लंगडतो, ते चालून दाखवतात कोर्टात." आणि झाडाखाली शिक्का घेऊन बसलेले नोटरी? त्यावर तू थोडा विचार केलास. "ते लग्नातले फोटोग्राफर. पसंती कुणाची, लग्न टिकणार का, त्यांना काय! दोघं समोर उभे होते, एवढंच त्यांचं खरं."

आप्पा पोटभर हसले. मग चष्मा पुसत म्हणाले, "यातला खरा वकील कोणता?"

"मी," आपण दोघी एकदम म्हणालो.

"एकेकीने बोला," आप्पा म्हणाले, "वर्गात असं चालत नाही."

ते भांडण आपण पुढे कधी सोडवलंच नाही. तू म्हणायचीस, माझा दावा दाखल झाला तेव्हा जी पोरगी पाळण्यात होती, तिच्या लग्नाची पत्रिका आली तरी दावा आपला 'पुराव्याकामी' उभाच. मी म्हणायचे, पत्रिका येते तरी. तुझे पक्षकार सुटले की रस्त्यात ओळख दाखवत नाहीत. हे तुला लागायचं, मला माहीत होतं. एकदा चुरमुऱ्यांच्या भत्त्याच्या गाडीवर तुझा एक सुटलेला पक्षकार दिसला, बायकोबरोबर होता. त्याने मान फिरवली. तू पुडीतला भत्ता खात राहिलीस आणि म्हणालीस, "बरंच हाय. मला बघितलं की त्याला कोठडी आठवत असंल."

पण आपलं खरं भांडण वेगळंच होतं. तुझा एक उलटतपास मी पहिल्यांदा मागच्या बाकावर बसून ऐकला, तेव्हा सुरू झालेलं. साक्षीदार गडबडला होता. त्याने कधी नव्हे ते आपल्या बाजूचं उत्तर दिलं होतं, आणि तू 'झालं मॅडम' म्हणून खाली बसलीस. माझा जीव वरखाली झाला. बाहेर आल्या आल्या मी तुला धरलं. अजून एक प्रश्न विचारायचास! मग तुम्ही आधी खोटं का सांगितलंत, एवढा एकच! तोंडावर पडला असता तो.

"नाय पडत," तू म्हणालीस. "तो एक प्रश्न म्हणजे दार उघडून देणं. या, बसा, तुमचं उत्तर सुधारून घ्या. शेवटचा प्रश्न विचारायचा नसतो. तो न्यायाधीशाच्या डोक्यात आपोआप येतो."

"हे अर्धवट सोडणं झालं."

"असंल."

"दिवाणीत असं चालत नाही. जे मांडलं नाही ते नंतर सांगताच येत नाही. सगळं लिहावं लागतं, अगदी शेवटपर्यंत."

"कागदापुढं लिहावं लागतं. माणसापुढं थांबावं लागतं."

मला ते पटलं नाही. मी उलटतपासाला जायचे तेव्हा प्रश्न लिहून न्यायचे, सगळे, आणि सगळे विचारायचे. तू म्हणायचीस, लिहून आणलेल्या प्रश्नांना उत्तर ऐकू येत नाही. मी म्हणायचे, न लिहिणारी माणसं आळशी असतात. दोन्ही थोडं थोडं खरं असावं.

तुझी दुसरी सवय मला जास्त छळायची. पक्षकार आला की तू केसचं काही विचारायचीच नाहीस. पाऊस किती झाला, कांद्याची रोपं लावली का, सुनेला दिवस गेलेत म्हणे. मी शेजारी बसून खरेदीखताचा मसुदा करतेय आणि तुमचं खत, औषध, मिरच्यांचा भाव. एकदा मी वैतागून विचारलंच, "त्याने केलंय की नाही, हे तरी विचारतेस का?"

"नाय. सांगितलं तर ऐकते."

"आणि पीकपाणी का विचारतेस?"

"मग माणूस कळंल कसा?"

हिराबाई तुझ्याकडे आली ती माझ्यामुळे. मखमलाबादच्या पुढे तिची फुलशेती. नवरा वारल्यावर शेजारच्या शेतातल्या दिराने मधला बांध हळूहळू तिच्या बाजूला सरकवला. एक बांध, आणि बाई तीन वकिलांच्या दारात. मोजणी आणि नोंदी गांगुर्डे वकिलांकडे, तहसीलला. बांध पूर्ववत करून मिळावा म्हणून दिवाणी दावा माझ्याकडे. आणि मग दिराने फिर्याद दिली, हिने मला बांधावर खुरप्याने मारलं. ते तुझ्याकडे. तू तिला म्हणाली होतीस, "बाई, बांध तुझा वीतभर आणि वकील तीन. बांधालाच कोर्टात उभं करू या."

ती हसली होती, पण तिचं हसणं फार टिकलं नाही. हिराबाई अंगणवाडी सेविका आहे. शिक्षा झाली तर ते काम जाणार, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. दिराच्या हातावर जखम होती, डॉक्टरांचा दाखला होता; जखम कशाने झाली ते दाखला ठामपणे सांगत नव्हता. सगळी मदार एका साक्षीदारावर. पलीकडच्या शेतातले भाऊसाहेब. त्यांनी जबाबात सांगितलं होतं की दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी न्याहारीच्या वेळेला मी माझ्या शेतात होतो, आणि हिराबाईने खुरपं मारलेलं डोळ्यांनी पाहिलं. हे भाऊसाहेब साक्षीला कधी हजरच राहत नव्हते. तारखेवर तारीख पडत होती आणि दर तारखेला हिराबाई अंगणवाडीतून रजा काढून यायची.

याच काळात तू मला पंख्याखालची खुर्ची दिलीस. आठवतं? त्या खुर्चीवरून आपण दर उन्हाळ्यात भांडायचो. एका सकाळी मी आले तर तू माझ्या खुर्चीत, भिंतीला टेकून. "बस तिथं. मला आजकाल वारं सोसत नाय." मला संशय यायला हवा होता. आला नाही, मला आनंदच झाला. भत्ता आणायला तू मला पाठवू लागलीस, आणि तुझी पुडी तशीच टेबलावर राहायची. हिराबाई आली की मला म्हणायचीस, "मास्तरीणबाई, तुझं ते लिहिणं ठेव बाजूला. तूपण ऐक. बांधाचा दावा तुझाच हाय ना?" आणि मी त्रासून पेनाचं टोपण लावायचे आणि झेंडूच्या रोपांवर पडणाऱ्या रोगाबद्दल ऐकत बसायचे.

तू दवाखान्यात आहेस हे मला तुझ्या भावाने फोन करून सांगितलं. तोवर आजार फार पुढे गेलेला होता आणि तुला तो कधीचा माहीत होता.

मी आले तेव्हा तू उशी पाठीशी घेऊन बसली होतीस. आवाज पार खाली गेलेला. चांदवडच्या मळ्यातून एसटी थांबवणारा आवाज ऐकायला मला पलंगावर वाकावं लागलं.

"हिराबाईची तारीख कधी हाय?"

मी सांगितली.

"जाशील?"

"मी? फौजदारीत?"

"कोर्ट तेच हाय गं. नुसता जिना चढायचा."

माझ्या मनात तेव्हा हिराबाई नव्हतीच. माझ्या मनात एकच प्रश्न होता आणि तो ओठापर्यंत आला होता. आपण रोज हातभर अंतरावर बसत होतो, मंगल. तुला कळलं त्या दिवशीही बसलो असू. तू मला का नाही सांगितलंस? तू माझ्याकडे पाहिलंस. तुला तो प्रश्न दिसला, याबद्दल मला शंका नाही; लोकांच्या तोंडावरचे प्रश्न ओळखण्यातच तुझा जन्म गेला. तू म्हणालीस, "खालून चहा आण जा. इथला पाणचट असतो, तरी आण." मी चहा आणायला गेले. परत आले तर तुझा भाऊ आला होता, नर्स आली होती. तो प्रश्न राहिला तो राहिलाच.

नदीच्या घाटावर तुझा दहावा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी हिराबाई टेबलापाशी आली. तुझ्या खुर्चीकडे तिने पाहिलं नाही. उभीच राहिली.

"आता माझं काय, वकीलताई?"

मी म्हटलं, चांगला फौजदारी वकील शोधून देते. दोन नावं आहेत माझ्याजवळ.

"मंगलताई तर म्हणाल्या होत्या, तुम्ही उभ्या राहाल."

"कधी म्हणाल्या?"

"गणपतीच्या आधी. म्हणल्या, मी नसले तर ही हाय. हिचा आवाज बारीक हाय, पण ही काही विसरत नाय."

गणपतीच्या आधी. म्हणजे खुर्ची बदललीस त्याच सुमाराला. तू तुझ्या पक्षकाराला सांगितलं होतंस आणि मला नाही. मंगल, मी तुझ्यावर इतकी कधी रागावले नव्हते. तुझी फाईल उघडली. पोलिसांची कागदपत्रं, डॉक्टरांचा दाखला, आणि तुझ्या हातची एक ओळ नाही. समासात टिंबसुद्धा नाही. मला वाटलं फाईल उचलून खिडकीबाहेर टाकावी.

मग घरी जाऊन मला जे येतं ते केलं. प्रश्न लिहिले. भाऊसाहेबांचं शेत बांधापासून किती लांब, मध्ये झाडं होती का, तोंड कुठल्या दिशेला होतं. दोन पानं भरली. वाचून पाहिली आणि कळलं की या प्रत्येकाचं उत्तर भाऊसाहेबांना पाठ असणार.

दुसऱ्या दिवशी हिराबाईला बोलावलं. ती बसली. माझ्या पुढ्यात ती दोन पानं. मी त्यांच्यावर हात ठेवला आणि विचारलं, "यंदा झेंडू कसा आहे?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मंगलताई असंच विचारायच्या," ती म्हणाली. आणि सांगू लागली. गणपतीला भाव पडला, दिवाळीला कसाबसा सावरला. पण झेंडूचा खरा सण दसरा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे शेतात माणूस दिसणार नाही, सगळे पहाटेच गाड्या भरून फुलबाजारात. माझा माल तेवढा भाऊ नेतो, मी मागं राहून दुसरा तोडा करते. दिराचं कांद्याचं शेत, तोही मागंच.

"सगळे बाजारात?" मी विचारलं.

"सगळे. हे भाऊसाहेब तर पोरालासुद्धा वजनकाट्याला हात लावू देत नाहीत. लई घमेंड त्यांना, माझ्यासारखा माल विकणारा नाही म्हणून."

बोलता बोलता ती थांबली. मी फाईल उघडून भाऊसाहेबांचा जबाब पुन्हा वाचला. बाहेर कुठली तरी गाडी हॉर्न वाजवत राहिली. शेजारी रिकाम्या खुर्चीत तू बसलेली असतीस तर टेबलाखालून मला पाय मारला असतास.

परवा भाऊसाहेब कधी नव्हे ते हजर होते. मॅडम मला म्हणाल्या, "तुम्ही आजच दाखल होताय. तारीख हवी असेल तर देते." माझ्या तोंडात 'हो' तयार होतं, तारीख घेणं हा माझ्या हातचा मळ, तू म्हणायचीस. मागे हिराबाई बाकाच्या कडेला बसली होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. मी म्हटलं, "नको मॅडम. आजच घेते."

सरकारी वकिलांनी त्यांना जे सांगायचं ते सांगून घेतलं. खुरपं, हात, रक्त. मग मी उठले. माझी दोन पानं हातात होती, ती मी टेबलावर ठेवली.

"भाऊसाहेब, शेतात काय असतं तुमच्या?"

त्यांनी संशयाने पाहिलं. "झेंडू. थोडा निशिगंध."

"दसऱ्याला झेंडू चांगला जात असेल."

"जातो ना! वर्षाचा सण तो."

"विकायला कोण जातं?"

"मीच. आपला माल दुसऱ्याच्या हातात देत नाय कधी."

"ज्या वर्षी हे भांडण झालं, त्या दसऱ्यालाही तुम्हीच गेला होता?"

"मीच की. आदल्या दिवशी पहाटेच गाडी लावली." त्यांचा चेहरा खुलला. तो दसरा त्यांना चांगला गेला असावा. "पिवळा हातोहात संपला. दुपारपर्यंत जागेवरून हललो नाय, पाणी प्यायलासुद्धा नाय."

मॅडमनी सावकाश टंकलेखकाला मजकूर सांगितला: दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी पहाटेपासून दुपारपर्यंत फुलबाजारात होतो, जागा सोडली नाही. कीबोर्डचा आवाज आला. सरकारी वकील पुढची फाईल सोडवत होते. तुझ्या त्या ड्रायव्हरला पुढच्या स्टॉपची घाई होती.

आणि आला, मंगल. तो प्रश्न आला. मग न्याहारीच्या वेळेला तुम्ही शेतातून भांडण कसं पाहिलंत? आदल्या रात्री मी तो पानाच्या तळाशी लिहून खाली रेघ ओढली होती. माझी सगळी विद्या त्या एका प्रश्नाशी येऊन उभी होती. तो विचारला नाही तर काम अपुरं, असं मला आयुष्यभर वाटत आलंय. भाऊसाहेबांचं हसू कमी होत होतं. आपण काहीतरी बोललो हे त्यांना जाणवलं होतं, काय ते अजून कळलं नव्हतं. त्यांचं तोंड किंचित उघडं होतं, जणू ते वाटच पाहत होते की ही बाई विचारील आणि आपण सांगू, मध्ये एकदा घरी आलो होतो, डबा विसरला होता, काहीही.

"आणखी काही?" मॅडमनी विचारलं.

"नाही, मॅडम."

मी बसले. मॅडम क्षणभर समोरच्या कागदाकडे बघत राहिल्या, मग त्यांनी भाऊसाहेबांकडे पाहिलं, बराच वेळ. तो प्रश्न तिथे जाऊन पोचला होता. तू सांगितलं होतंस तसाच, आपोआप.

निकाल अजून लागायचा आहे. युक्तिवादात मी ते उत्तर वाचून दाखवीन, मोठ्याने. बांधावर त्या सकाळी खरं काय झालं, हिराबाईने खुरपं उगारलं होतं का, मला माहीत नाही. तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. बाहेर व्हरांड्यात ती माझ्यामागे धावत आली. "झालं? एवढंच?"

"एवढंच."

"मंगलताईपण अशाच पटकन बसायच्या," ती म्हणाली, आणि पिशवीतून झेंडूची फुलं काढून तिने माझ्या हातात दिली. ओंजळभर होती. मी ती टेबलावर आणून ठेवली, भिंतीच्या बाजूला, तुझ्या.

टेबल अजून डुगडुगतं. पुठ्ठ्याची घडी बदलायला हवी. तू असतीस तर म्हणाली असतीस, मग, कळलं का? आणि मी वाद घातला असता. एका साक्षीदाराने काही सिद्ध होत नाही, दिवाणीत हे चालणार नाही. अजूनही माझं तेच म्हणणं आहे. पण त्या टेबलाशी बसून मी दवाखान्यातला तो प्रश्न पुन्हा हातात घेतला. तू मला का नाही सांगितलंस? गेले कितीतरी दिवस तो घेऊन फिरतेय. तुझ्या भावाला विचारणार होते, डॉक्टरांना विचारणार होते.

तू पंख्याखालची खुर्ची मला दिलीस. हिराबाईसमोर मला पेनाचं टोपण लावायला लावलंस. माझा आवाज बारीक आहे पण मी विसरत नाही, असं माझ्यामागे तिला सांगितलंस. तू तुझी सगळी उत्तरं दिली होतीस, मंगल, एकेक करून, मला कळायच्या आधी. त्यावर आणखी विचारलं असतं तर तूही काहीतरी सांगितलं असतंस. वारं सोसत नाय, चहा आण, असलंच काही. आणि मला आयुष्यभर तेवढ्याच उत्तरावर भागवावं लागलं असतं.

सगळं नोंदीवर आलं आहे. मला तुला आणखी काही विचारायचं नाही.

मी बसते.